बाबांनी मोजलेला तारा

सोमवार, मंगेशी. रात्री 10.

देवळातली पालखी झाली आणि बाबा काठी टेकत सोप्यावर येऊन बसले. उभा जन्म आरतीला, कीर्तनाला तबल्यावर त्यांचाच हात. आता बोटं सुजतात, नुसतं ऐकायला जातात. आज धीर करून त्यांच्या कानांना हेडफोन लावला. आत होता पीएसआर बी0329+54 हा पल्सार, म्हणजे ठरलेल्या वेळाने ठोके देणारा तारा.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपायी माझं घराकडे फार दुर्लक्ष झालं. एका चवथीला निरीक्षणाची वेळ मिळाली म्हणून आलेच नाही. गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधायला दरवर्षी स्टुलावर मी चढायची; त्या वर्षी बाबा चढले. हे मला आईने सांगितलं, त्यांनी कधीच नाही. अजून सलतं.

"हा तारा सूर्याहून जड, पण व्यास जेमतेम 20 किलोमीटर," मी म्हटलं.

"म्हणजे पणजी ते मंगेशी?"

"तेवढाच. स्वतःभोवती फिरताना दर 0.714 सेकंदाला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो. आवाज आम्ही केला, ठोके त्याचे."

ते माझं ऐकेनासे झाले होते. उजव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या दांड्यावर पडू लागली. ओठ हलत होते: धा धिं धिं धा. तीनतालाच्या 16 मात्रांना साडेअकरा सेकंदही नाहीत. मध्य लय. लहानपणी याच सोप्यावर मांडीवर टाळी-खाली धरून मी मोजायला शिकले. आकडे नंतर आले.

दोन-तीन आवर्तनं झाल्यावर म्हणाले, "लय पक्की आहे गो. पण हात कधी जड पडतो, कधी हलका."

माझ्या अंगावर काटा आला. पल्सारचं नेमकं हेच आहे! वेळ चुकत नाही, पण एकेका स्पंदाचा जोर वेगळा. हजारो स्पंद एकावर एक रचले की मगच त्याचा स्थिर आकार दिसतो. माझी उमेदीची वर्षं त्या रचण्यात गेली, आणि बाबांना ते मिनिटभरात नुसत्या कानाने कळलं.

"ह्याची सम कुठे?"

"सम नाही बाबा. नुसत्या मात्रा."

"मग मी धरतो," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

उद्या व्हेला पल्सार ऐकवायचाय. सेकंदाला 11 ठोके. बघू, कुठल्या लयीत बसवतात.