तिसरा बॉक्स

आमच्या साउंड भाड्यानं देण्याच्या धंद्याची वाटचाल लिहा म्हटलं की लोक आधी पहिल्या दुकानाचा फोटो मागतात. तो नाही. बडोद्यात दांडिया बाजारात जिन्याखाली जागा होती. दोन भोंगे, एक अॅम्प म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, बरोबर मामेभाऊ. सोल्डरिंगमध्ये त्याचा हात असा की प्रत्येक जोड मण्यासारखा चकचकीत. हिशेब नि गिऱ्हाईक माझ्याकडे. पुढची बारा-तेरा वर्षं गणपती, लग्नं, गरबा, ठीक गेली.

मग नवरात्रातली ती आठमची, अष्टमीची, रात्र. ऑर्केस्ट्राचा बेस गिटारवाला स्वतःचा प्रीअॅम्प आणायचा. त्याचा आउट आमच्या पॉवर अॅम्पला, अॅम्प ब्रिजवर, म्हणजे त्याचे दोन चॅनल जोडून एक केलेले, आणि त्यावर 8 ओहमचे दोन स्पीकर बॉक्स पॅरलल. झाले 4 ओहम. ओहम जितके कमी, तितका अॅम्पवर भार जास्त. अॅम्पच्या पाठीवर ब्रिजसाठी कमीत कमी 4 असं छापलेलंच होतं, म्हणजे काठावर. मैदान भरल्यावर मंडळाचा माणूस आला, "मागे बेस पोचत नाही." मी जनरेटरपाशी होतो. मामेभावानं दुसऱ्या बॉक्सच्या लिंकमधून तिसरा जोडला. 2.67 ओहम! ब्रिजमध्ये एकेका चॅनलला त्याचाही अर्धाच दिसतो, 1.33. वीस मिनिटं असं वाजलं की लोक वळून बघत होते. मग जळका वास, आणि बेस गप्प. आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले, डीसी करंट थेट बॉक्समध्ये गेला, तिन्ही स्पीकरच्या कॉइल कोळसा. ढोल होता म्हणून गरबा थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातल्याच एका साउंडवाल्यानं मंडळाला सांगितलं, "यांचा माल भंगार आहे." माल भंगार नव्हता, चूक बेरजेची होती. पण बेरीज कोणाला समजावणार? पुढच्या वर्षीचं काम त्याला गेलं. आम्ही टेम्पो विकला. मामेभाऊ वायरिंगच्या कामाला बाहेरगावी गेला. भांडलो नाही, पण त्या रात्रीचा विषयही निघाला नाही.

तरलो ते त्या बेसवाल्यामुळे. त्याच मंडळात, त्याच स्टेजवर त्यानं सांगितलं, "माझा अॅम्प नि बॉक्स मी आणणार." ते आमच्याकडूनच घेतले आणि भाडं स्वतःच्या खिशातून आम्हाला दिलं, नऊ रात्रींचं.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. चार बॉक्स हवेत तर ब्रिज सोडा, दोन चॅनल वेगळे चालवा, एकेकावर 8 चे दोन. अॅम्पची पाठ वाचा. मीटरवर 8 ओहमचा बॉक्स 6 च्या आसपास दाखवतो, घाबरू नका. गिटारची वायर बॉक्सला लावू नका, ती दिसते जाड पण आतली तार केसासारखी. आणि नऊ व्होल्टचं सेल बॉक्सला क्षणभर लावून स्पीकरचे सगळे पडदे एकाच दिशेनं हलतात का ते बघा. एक उलटा निघाला तर चार बॉक्सांत जेमतेम दोनाचाच बेस येतो, आणि पोरं अॅम्पचा आवाज वाढवत बसतात.

गेल्या नवरात्रात सातमेला त्याच साउंडवाल्याचा फोन आला. अॅम्प बसला होता, रात्री बारापर्यंतची परवानगी, आणि घड्याळात साडेआठ झालेले. अॅम्प दिला. अट एकच, बॉक्स आमचा पोरगा जोडणार. त्यानं जाऊन मागे पाहिलं तर ब्रिजवर तीन बॉक्स. एक काढला, मग चालू केलं. भाडं रोख घेतलं, पूर्ण.