चाचणीनं मृत्यू कमी होतात का, हे कसं मोजायचं

उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या एका अभ्यासाचे आकडे दोनदा प्रसिद्ध झाले, २००५ मध्ये आणि २००९ मध्ये. पहिले आकडे वाचले तर तुम्ही एक चाचणी निवडाल, दुसरे वाचले तर दुसरीच. तपासणीचा उपयोग ठरवताना नेमकं काय मोजायचं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. ते आपल्या मराठवाड्यातलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला होत्या. गावांचे ५२ समूह करून ते यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, चार गटांत वाटले. महिलांऐवजी गावं वाटण्याचं कारण व्यवहाराचं आहे. एकाच आळीतल्या दोघींना दोन वेगळ्या चाचण्या दिल्या, तर तिसऱ्या दिवशी कोण कुठल्या गटात आहे याचा पत्ता लागत नाही.

एका गटाला एचपीव्ही चाचणी दिली. यात ब्रशनं नमुना घेऊन प्रयोगशाळेत या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधतात. दुसऱ्या गटाला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. चौथ्या गटाला कोणतीच तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच झाली. पॉझिटिव्ह आलेल्यांची कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी), गरज असेल तर बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) आणि मग उपचार.

२००५ चे आकडे असे. पॉझिटिव्ह ठरलेल्या महिला व्हीआयएत १४ टक्के, पॅपमध्ये ७, एचपीव्हीत १०.३. कर्करोगपूर्व गंभीर बदल, म्हणजे सीआयएन २ आणि ३, सापडलेल्या अनुक्रमे ०.७, १.० आणि ०.९ टक्के. तिन्हींत फारसा फरक नाही. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर व्हीआयएचं पारडं जड झालं असतं. ती सर्वांत स्वस्त आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल जागेवर कळतो.

२००९ चे आकडे आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे होते. एचपीव्ही गटात ३४,१२६ महिला आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ मृत्यू. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ महिला आणि ६४ मृत्यू. धोका जवळपास निम्मा झाला. ढोबळ हिशेब केला तर हजार महिलांना एकदा तपासणीला बोलावलं की आठ वर्षांत साधारण एक मृत्यू टळतो. पॅप आणि व्हीआयए या गटांत मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

सापडलेले बदल सारखेच होते, मग मृत्यूंत फरक कुठून आला? उत्तर निगेटिव्ह आलेल्या महिलांमध्ये आहे. अशा अभ्यासात बायॉप्सी होते ती पॉझिटिव्ह आलेल्यांची. निगेटिव्ह ठरवून घरी पाठवलेल्यांपैकी किती जणींच्या बाबतीत चाचणी चुकली, हे त्या दिवशी दिसतच नाही, ते वर्षांनी दिसतं. निगेटिव्ह ठरलेल्यांमध्ये पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण एचपीव्ही गटात वर्षाला लाखामागे ३.७ होतं, पॅपमध्ये १५.५ आणि व्हीआयएत १६.०. शिवाय सीआयएन २ मधले बरेच बदल उपचार न करताही मावळतात. त्यामुळे मोजणीत सारखे दिसणारे बदल प्रत्यक्षात सारखे धोक्याचे नसतात.

आणखी एक आकडा बघा. एकूण कर्करोग एचपीव्ही गटात १२७ सापडले आणि तपासणी नसलेल्या गटात ११८. म्हणजे तपासणीच्या गटात उलट जास्तच. फरक पडला तो अवस्थेत. दुसऱ्या किंवा पुढच्या अवस्थेतले रुग्ण ३९ विरुद्ध ८२. ‘आमच्या शिबिरात इतके कॅन्सर सापडले’ अशी बातमी वाचताना हे आठवावं. सापडलेल्यांची संख्या हा कामाचा हिशेब झाला, फायद्याचा नव्हे.

मृत्यूच का मोजायचे, पाच वर्षं जगणाऱ्यांची टक्केवारी का चालत नाही, तेही इथेच सांगून टाकतो. समजा एका बाईचा मृत्यू २०१६ मध्ये होणार आहे. गाठ २०१४ मध्ये हाताला लागली तर निदानानंतर ती दोन वर्षं जगली. तीच गाठ तपासणीत २०१० मध्ये सापडली तर सहा वर्षं जगली. ‘पाच वर्षं जगलेल्यां’च्या रकान्यात तिचं नाव आलं, आयुष्य मात्र एका दिवसानंही वाढलं नाही. म्हणून मृत्यूंचं प्रमाण काढताना छेद सापडलेल्या रुग्णांचा घ्यायचा नाही. गटात वाटल्या गेलेल्या सगळ्यांचा घ्यायचा, बोलावूनही न आलेल्यांसकट. आलेल्याच धरल्या तर गणित बिघडतं, कारण तपासणीला येणाऱ्या बायका बहुधा मुळातच जास्त काळजी घेणाऱ्या असतात. आणि मृत्यूचं कारण ठरवणाऱ्याला ती बाई कुठल्या गटातली हे माहीत नसावं. या सगळ्याला नोंदी लागतात. बार्शीला १९८७ पासून कर्करोग नोंदणी होती, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. अशी व्यवस्था हाताशी नसेल तिथे असा अभ्यास उभा करणं फार अवघड.

आता चाचणी ते मृत्यू या अंतराबद्दल. फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी १९९१ मध्ये सहा पायऱ्या मांडल्या होत्या: यंत्र नीट चालतं का, निदान अचूक होतं का, डॉक्टरचा विचार बदलतो का, उपचार बदलतो का, रुग्णाला फायदा होतो का, समाजाला परवडतं का. जाहिरातीतले ‘९९ टक्के अचूक’ दुसऱ्या पायरीवर थांबतात. पुढच्या पायऱ्यांवर किती गळती होते ते कागदावर करून बघा. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. चाचणी १०० पैकी ९० रुग्ण पकडते. त्यातल्या ८० टक्क्यांपर्यंत निकाल पोचतो. पोचलेल्यांपैकी ७० टक्के उपचाराला येतात. उपचार ९० टक्के वेळा लागू पडतो. ०.९ × ०.८ × ०.७ × ०.९, म्हणजे ४५ टक्के. आता चाचणी बदलून ९५ टक्क्यांची आणली तर ४८ होतात. जुनीच चाचणी ठेवून उपचाराला येणाऱ्यांचं प्रमाण ७० वरून ९० वर नेलं तर ५८. नवीन यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव समोर आला की हा गुणाकार आधी करावा.

व्हीआयए मग टाकाऊ म्हणायची का? मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १,५१,५३८ महिलांवर केलेल्या अभ्यासाचे १२ वर्षांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तिथे व्हीआयए एकदा नव्हे, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकदा केलेली व्हीआयए आणि चार वेळा केलेली व्हीआयए ही मोजणीच्या दृष्टीनं दोन वेगळी औषधं आहेत. निकाल नुसत्या चाचणीचा नसतो. ती कोण करतं, किती वेळा करतं आणि पुढे काय होतं, हे सगळं त्यात येतं. पाळी गेल्यावर पेशींची सीमारेषा आत सरकते आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वयानुसारही व्हीआयएचं उत्तर बदलतं. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली.

दोन्ही अभ्यासांवर एक आक्षेप घेतला गेला: एका गटाला तपासणीविना का ठेवलं? त्या वेळी भारतात अशी नियमित तपासणी कुठेच होत नव्हती, असं उत्तर दिलं गेलं. माझ्या मते ते पुरेसं नाही. फायदा सिद्ध झाल्यावर तर असा गट ठेवताच येत नाही. आता तुलना व्हायची ती एका चाचणीची दुसरीशी.

टीबीत उलटा अनुभव आला: चाचणी जास्त बारकाईची, पण रुग्णांच्या तब्येतीत फरक नाही. थुंकीत मिलिलिटरला साधारण दहा हजार जंतू असले तरच सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. कार्ट्रिजवाल्या जीनएक्सपर्टला (आपल्याकडे सीबीनॅट) सुमारे १३० पुरतात, आणि निकाल दोन तासांत. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या दवाखान्यांत १,५०२ रुग्णांवर अभ्यास झाला, एका गटाला सूक्ष्मदर्शकाची तपासणी आणि दुसऱ्याला जीनएक्सपर्ट. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. त्याच दिवशी औषध सुरू झालेले रुग्ण १५ टक्क्यांवरून २३ वर गेले. पण दोन महिन्यांनी दोन्ही गटांत उपचार घेणाऱ्यांची संख्या जवळपास सारखीच निघाली आणि आजाराची तीव्रताही सारखीच. कारण थुंकी निगेटिव्ह आली तरी तिथले डॉक्टर एक्स-रे आणि लक्षणं बघून औषध सुरू करतच होते. चाचणी नसती तर काय झालं असतं, यावर तिचा फायदा ठरतो. जिथे अंदाजानं औषध देत नाहीत तिथे त्याच यंत्राचं उत्तर वेगळं येऊ शकतं. आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी ओळखणं हे सीबीनॅटचं दुसरं काम या अभ्यासाच्या कक्षेत नव्हतं. मुंबईसारख्या शहरात ते काम जास्त मोलाचं आहे.

याच्या अगदी उलट लघवीची लॅम चाचणी. ती टीबीच्या जंतूचा एक घटक लघवीत शोधते. निम्म्याहून जास्त रुग्ण ती हुकवते. दुसऱ्या पायरीवर बघितलं तर सपशेल नापास. पण आफ्रिकेतल्या १० रुग्णालयांत दाखल झालेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये तिच्या वापरानं आठ आठवड्यांतले मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ वर आले. हे रुग्ण इतके थकलेले असतात की बेडका निघतच नाही. लघवी मिळते. पट्टी खाटेशेजारी २५ मिनिटांत वाचता येते आणि त्याच दिवशी गोळी सुरू होते.

गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे टीबी शोधणारं, बॅटरीवर चालणारं यंत्रही याच हिशेबानं तपासायला हवं. पकडलेले जंतू मोजून पुरत नाही. टीबीच्या कुठल्याही केंद्रानं चार तारखा शेजारी-शेजारी मांडाव्यात: नमुना दिला, प्रयोगशाळेत पोचला, निकाल रुग्णाला कळला, पहिला डोस घेतला. सरासरी काढू नका, मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) काढा, आणि पहिला डोस कधी घेतलाच नाही अशांची वेगळी ओळ ठेवा. सरासरीत ते गळून जातात आणि केंद्र उगाच तत्पर दिसतं. नमुने साठवून आठवड्यातून दोनदा पाठवणाऱ्या ठिकाणी दोन तासांच्या यंत्राचे तीन-चार दिवस होतात, ते पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मध्ये सापडतील.

तपासणीनं नुकसान होतं, हा स्वतंत्र विषय आहे, इथे थोडक्यात. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर २०११ मध्ये त्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. ग्रंथी काढलेल्या हजारो लोकांच्या नशिबी जन्मभराची गोळी आली. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ महिलांच्या अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाची तपासणी करून बघितली. पहिल्या अवस्थेतली निदानं वाढली, शेवटच्या अवस्थेतली घटली, तरी २०२१ च्या निष्कर्षांत मृत्यू कमी झाले नव्हते. उस्मानाबादेत अवस्था आणि मृत्यू बरोबरीनं घटले, इथे नाही. अवस्था लवकरची आली म्हणून जीव वाचला, असं गृहीत धरता येत नाही.

प्रत्येक नव्या चाचणीसाठी लाखभर माणसांचा अभ्यास लागतो का? नाही. नवी चाचणी जुनीच माणसं पकडत असेल, फक्त स्वस्तात किंवा कमी त्रासात, आणि त्या आजारावरचा उपचार आधीच सिद्ध झालेला असेल, तर अचूकतेचा अभ्यास पुरतो. ती जास्तीची माणसं पकडायला लागली की अडचण येते. ही जास्तीची माणसं बहुधा सौम्य आजाराची असतात. जुने औषधांचे प्रयोग त्यांच्यावर झालेले नसतात, त्यामुळे त्यांना औषधाचा तेवढाच फायदा होईल असं धरता येत नाही. तिथे यादृच्छिक अभ्यास लागतोच, आणि तो मोठा लागतो. दोन्ही चाचण्यांचं उत्तर एकच येणाऱ्यांच्या नशिबात काही बदलत नाही. फरक पडतो तो उत्तरं वेगळी येणाऱ्या मूठभरांना. शंभरातल्या पाचांचंच उत्तर वेगळं येत असेल आणि त्या पाचांपैकी एकाला फायदा होत असेल, तर अख्ख्या गटात दिसणारा फरक फक्त एक टक्का. तो पकडायला काही हजार माणसं लागतात. दोनशे जणांच्या अभ्यासात ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातून चाचणी निरुपयोगी ठरत नाही आणि उपयोगीही ठरत नाही.