एमएमएस, एमबीए की पीजीडीएम? आधी कागद कोण देतंय ते बघा

ग्रॅज्युएशनचे निकाल लागायला लागले की आमच्या सोसायटीत एकच विषय, एमबीए कुठून करायचं. मी ऐरोलीला एका कंपनीत एचआरमध्ये आहे म्हणून सगळे मला विचारतात आणि मी दरवेळी तेच सांगते, कॅम्पस, एसी क्लासरूम, प्लेसमेंटचे फोटो हे सगळं नंतर बघा हो, आधी शेवटी हातात पडणारा कागद कोण देणार ते विचारा.

आता मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॉलेजात एमएमएस मिळतं, मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज, दोन वर्षं, चार सेमिस्टर. चर्चगेटच्या जमनालाल बजाजला हेच आणि आपल्या ठाण्यात बेडेकरला पण हेच. तरी "एमएमएस नको, एमबीएच पाहिजे" म्हणत आईवडील कुठेतरी दुप्पट फी भरायला निघतात तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण आमच्याकडे इंटरव्ह्यूला दोघं एकाच रांगेत बसतात.

पीजीडीएमचं, म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन मॅनेजमेंटचं, जरा वेगळं आहे. यूजीसी म्हणजे युनिव्हर्सिटींवर देखरेख ठेवणारा केंद्रीय आयोग, त्याच्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे डिग्री फक्त युनिव्हर्सिटी किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते, त्यामुळे युनिव्हर्सिटीशी न जोडलेल्या इन्स्टिट्यूट एआयसीटीईची (तंत्रशिक्षण आणि मॅनेजमेंटचे कोर्स मंजूर करणारी केंद्रीय परिषद) मान्यता घेऊन डिप्लोमा देतात. म्हणजे तो कमी दर्जाचा असं अजिबात नाही हां, अहमदाबाद आणि कोलकात्याची आयआयएम 1961 सालची, ती पण डिप्लोमाच देत होती, डिग्री द्यायचा अधिकार त्यांना 2017 च्या कायद्याने मिळाला. फक्त पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर त्या पीजीडीएमला एआययूची, म्हणजे भारतीय युनिव्हर्सिटींच्या संघटनेची, समकक्षता आहे का, म्हणजे तो डिग्रीच्या बरोबरीचा धरला जातो का, हे अ‍ॅडमिशनच्या आधी बघून ठेवा.

खरी भीती तिसऱ्याच प्रकाराची. मागे एका मुलाची जॉइनिंगची फाइल माझ्याकडे आली, सर्टिफिकेटला सोनेरी बॉर्डर, मधोमध मोठ्ठ्या अक्षरात एमबीए, खाली डायरेक्टरची सही आणि शिक्का, पण युनिव्हर्सिटीचं नाव वर-खाली कुठेच नाही, एआयसीटीईचाही उल्लेख नाही. व्हेरिफिकेशनमध्ये अडकलाच. मुलगा हुशार, बोलणं स्वच्छ, वडिलांनी पीएफमधून पैसे काढलेले. त्याला ते सांगायचं काम माझ्यावर आलं आणि तेव्हापासून मी या विषयावर गप्प बसत नाही. 2024 मध्ये तर यूजीसीलाच नोटीस काढून 'दहा दिवसात एमबीए' वाल्यांपासून लोकांना सावध करावं लागलं होतं! डिस्टन्स किंवा ऑनलाइन करणार असाल तर यूजीसीच्या साइटवर मान्यता मिळालेल्या युनिव्हर्सिटींची यादी असते, त्यात नाव शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सीईटीला, म्हणजे एमबीए-एमएमएससाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेला, घाबरू नका. 200 प्रश्न, 150 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. ओपनला ग्रॅज्युएशनला 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 45. कॅप राऊंडचा, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा ऑप्शन फॉर्म मात्र घरच्यांसोबत बसून भरा, पहिल्याच राऊंडला पहिला ऑप्शन लागला की तो आपोआप फ्रीझ होतो, मग पुढच्या राऊंडला दुसरं कॉलेज मागता येत नाही, म्हणून जिथे रोज लोकलने जायची खरंच तयारी आहे तेच कॉलेज एक नंबरला टाका.