बैरागडच्या पलीकडे, आरोग्य शिबिरासाठी

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात जाताना परतवाडा सोडलं की सेमाडोहपर्यंत घाट आणि सागाचं जंगल. पेट्रोल परतवाड्यालाच भरून घ्या, रोख पैसेही तिथेच काढा. हरिसाल मागे पडल्यावर फोन लागेल या भरवशावर काहीही ठरवू नका. आमचं शिबिर धारणी तालुक्याच्या टोकाला, बैरागडच्या पलीकडच्या एका कोरकू आदिवासी गावात होतं. सोबत एक बालरोगतज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन परिचारिका आणि खोकी उचलायला आम्ही बाकीचे.

याच बैरागडला १९८० च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे आले, तेव्हा हरिसालहून सुमारे ४० किलोमीटर चालत यावं लागे. पहिल्या तपासणीचे दोन रुपये, पुन्हा आलं तर एक रुपया. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. स्मिताताईही इथेच राहिल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. हे सांगतोय कारण मेळघाटात शिबिर घेऊन जाणाऱ्याने आधी एवढं लक्षात ठेवावं: इथला माणूस वाचतो तो इथे राहणाऱ्यांमुळे. आपण दोन दिवसांचे. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना महिनाभर आधी कळवा, आणि औषधांची यादी शहरात बसून करू नका. ती गावच्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, विचारून करा.

आमच्या आशाताईंनी मागितलं ते साधं होतं: ओआरएस, झिंक, खरजेचं मलम, लहान मुलांचं तापाचं औषध आणि जवळचं दिसायचे चष्मे. चष्मे दुपारपर्यंत संपले. धान्य निवडणाऱ्या म्हाताऱ्या बायांना कुटकीतले (बारीक भरडधान्यातले) खडे पुन्हा दिसू लागले, तो आनंद मी विसरणार नाही. चष्मे जास्तच न्या. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र पंधरा दिवसांच्या वाटून निघून येऊ नका. पुढच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतील याची खात्री असेल तरच सुरू करा. जुलाबाच्या बाळाला झिंक १४ दिवस द्यायचं असतं. जुलाब थांबले की आया ते बंद करतात, म्हणून हे तीनदा सांगा, आणि कोरकूतून सांगा. कोरकू मराठीच्या जवळची भाषा नव्हे. पुरुषांना हिंदी समजतं, घरातल्या आजीला समजेलच असं नाही, आणि बाळाचा निर्णय आजीचा असतो.

एका बाळाच्या पोटावर चटक्यांच्या खुणा होत्या. पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने डम्मा देतात, अजूनही. आमच्यातला एक जण आईवर चिडला. बालरोगतज्ज्ञांनी त्याला बाहेर पाठवलं, जखम धुतली आणि बाळ दूध नीट ओढतंय का एवढंच विचारलं. त्यांचं बरोबर होतं. दरडावलेली आई पुढच्या आजारात आरोग्य केंद्राची पायरी चढणार नाही, ती भूमकाकडेच, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडेच, जाईल. भूमकालाही शिबिरात बोलवा, मानाने बसवा. गंभीर मूल लवकर पुढे पाठवायला तो मदत करू शकतो.

खरी अडचण पुढे पाठवण्याची. तीव्र कुपोषित मुलाला दाखल करा म्हणणं सोपं आहे. आई म्हणते, घरी आणखी दोन लेकरं आहेत, त्यांना कोण जेवू घालील? तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. यासाठी शिबिराच्या खर्चात गाडीभाडं, सोबतीच्या बाईची मजुरी आणि घरी आठवड्याचा शिधा धरूनच चला. औषधांवरचे पैसे कमी करावे लागले तरी चालतील. मोतीबिंदूचे रुग्ण धारणीजवळ उतावलीला महात्मा गांधी आदिवासी रुग्णालयात न्या, ते डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी उभं केलंय, आणि कविताताई स्वतः नेत्रतज्ज्ञ आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, पण शिधापत्रिका आणि आधार सोबत असू द्या. नावांत फरक असेल तर तो दवाखान्यात पोचण्याआधी निस्तरा.

तारीख ठरवताना दिवाळीनंतरचे महिने टाळा. थंडीत प्रवास सुखाचा होतो खरा, पण तेव्हा बरीच घरं मजुरीसाठी खाली सपाटीवर गेलेली असतात. होळीला सगळे परततात. फगव्याचे दिवस सणाला सोडा आणि त्यानंतरच्या आठवड्यात जा. बाजाराचा वार तेवढा चुकवा.

निघण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाचं नाव, पाडा, दिलेलं औषध आणि पुन्हा कधी तपासायचं हे वहीत लिहून ती वही आशाताईंकडे द्या, एक प्रत आरोग्य केंद्रात. आमची वही उरकायला रात्र झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघालो. जंगलातल्या रस्त्यावर रात्री निघूच नका, मुक्कामाची तयारी ठेवूनच जा.