दीवचे खुकरी स्मारक

दीवला येणारे बहुतेक प्रवासी पोर्तुगीज किल्ला आणि नागोआची पुळण पाहून परततात, आणि चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर जे येतात त्यांतलेही बरेचजण सूर्यास्तासाठी येतात. मी दीवला गेलो तो मात्र मुख्यतः या टेकडीवरच्या खुकरी स्मारकासाठी.

समुद्राकडे तोंड केलेल्या काचेच्या दालनात 'आयएनएस खुकरी'ची प्रतिकृती आहे. ८ डिसेंबर १९७१ रोजी ही युद्धनौका 'किरपाण'सह पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात मुंबईहून निघाली. त्यांच्याच ताफ्यातील 'कुठार' बिघाडामुळे बंदरातच राहिली. दुसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, 'हंगोर' या पाणबुडीचा पाणतीर खुकरीवर आदळला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जॅकेट एका सहकाऱ्याला दिले आणि ते स्वतः नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ही हकिकत सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण प्रतिकृतीसमोर उभे असताना माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती ती डेकच्या खालच्या भागाकडे, जिथे इंजिन आणि बॉयलर सांभाळणारी माणसे असतात आणि जिथून इतक्या थोड्या वेळात शिडी गाठून वर येणे जवळपास अशक्य असते. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

हे स्मारक १५ डिसेंबर १९९९ रोजी खुले झाले. ज्यांच्या घरच्यांना अंत्यदर्शनही घडले नाही, त्यांना त्या पाण्याकडे पाहत उभे राहता येईल अशी जागा मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली, हे मला फार खटकते.

खुकरी हे नाव नौदलाने पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या, १९८९ साली सेवेत आलेल्या नौकेला दिले. तीही डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीव प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली. दीवला जाणाऱ्यांनी टेकडीवर शक्यतो सकाळी जावे. संध्याकाळच्या गर्दीत प्रतिकृतीसमोर निवांत उभे राहणे कठीण जाते.