आमच्या फिल्मचा पहिला शो, सोसायटीच्या हॉलमध्ये

बाबांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, ३१ वर्षं काढली. एमआयडीसी १९६२ ला सुरू झाली ती इथूनच, आता शेड पाडून काचेच्या बिल्डिंगा होतायत, म्हणून जी थोडी वर्कशॉप उरलीयेत त्यातल्या एकात परवानगी काढून मी आणि मावसभावाने मोबाइलवर १४ मिनिटांची फिल्म केली. शूटिंगचं एकच सांगते, आमचा पहिला रविवार वाया गेला कारण ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमवर शूट केलं आणि व्हिडिओत नुसते पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्याच तालावर लुकलुकते, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवल्यावर पट्टे गेले.

फिल्म आधी बाबांच्या कंपनीतल्या जुन्या माणसांनी बघावी असं मनात होतं. सावरकरनगरला आमच्या सोसायटीचा हॉल मिळाला, प्रोजेक्टर भाड्याने आणला, आणि नशीब की आदल्या रात्री ट्रायल घेतली. पेनड्राइव्हवरून आवाज येतोय आणि चित्र नाही! फाइल एच २६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये होती आणि त्या प्रोजेक्टरला ती चालेना, एच २६४ मध्ये परत काढली तेव्हा लागली. मग खरा घोळ कळला तो आवाजाचा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज जरा मागून येतो, गाण्याला ते कळत नाही पण आमच्या फिल्ममध्ये हातोडी जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, पडते आणि ठक्क नंतर ऐकू येतं, मला ते बघवेना. सकाळी जांभळी नाक्याला जाऊन स्पीकरला थेट जोडायची दहा मीटरची ऑक्स वायर आणली, स्पीकर पडद्याच्या खाली ठेवला, कारण आवाज पाठीमागून आला की माणसं माना वळवून बघतात. हॉलच्या लाद्यांमुळे आवाज घुमत होता म्हणून आईने शेजारपाजारच्या सगळ्या सतरंज्या गोळा करून अंथरल्या, खूप फरक पडला, खरंच करून बघा.

तीसेक माणसं आली. पडद्यावर लेथ सुरू झाली, जॉब थंड ठेवायचं पांढरं कूलंट त्यावर पडायला लागलं आणि पुढच्या रांगेतले काका बाबांना म्हणाले, "अरे, बेअरिंग गेलंय हिचं, ऐक." मी तो आवाज पन्नास वेळा ऐकलाय एडिटिंगला, मला कधी कळलं नव्हतं. लोकांनी परत लावायला सांगितली म्हणून दुसऱ्यांदा दाखवली, तेव्हा तेच काका उठून पडद्याजवळ गेले आणि व्हर्नियरवर, म्हणजे माप घ्यायच्या हत्यारावर, बोट ठेवून मला म्हणाले, "बाळा, हा पोरगा फिरत्या जॉबला व्हर्नियर लावतोय. हात जाईल त्याचा. असं कोणी करत नाही." सगळी जुनी मंडळी हो हो म्हणाली. बाबांना हे पहिल्या वेळीच दिसलं असणार, पण माझ्या कौतुकात ते काही बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी तेवढा शॉट परत घेतला. या वेळी बाबा आले होते सोबत, जॉब धरून फिरणारा चक पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी व्हर्नियर स्वतःच्या खिशात ठेवला आणि मगच त्या मुलाच्या हातात दिला.