पलंगाचे पाय कापले

जुलै, रात्रीचे साडेदहा. पाऊस सुरू आहे पण लाइन आहे अजून, हेच नशीब. हे जागलीला गेले, पेरलेलं डुकरं उकरून टाकतात म्हणून. मोठा आजीजवळ झोपला, लहानी माझ्याजवळ.

लहानीला सात महिने झाले. आधी रात्री जिथे ठेवली तिथेच सकाळी सापडायची, आता घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, मधरात्री हात लावून पाहा तर डोक्याच्या जागी पाय. पोटावर सरकत पुढे जाते, परवापासून गुडघे टेकवून डुलून राहिली म्हणजे रांगणं काही दूर नाही. ती तान्ही होती तेव्हा भेव माझंच होतं, माझा हात, माझी चादर, माझे मोकळे केस तिच्या तोंडावर जाऊ नये याचं. आता पलंगाचा काठ आणि भिंतीची फट, त्याचं जास्त.

मोबाइलवर वाचलं तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२२ चं म्हणणं असं की बाळ आईच्या खोलीत असावं, पण एका अंथरुणात नको, वेगळ्या कडक गादीवर उताणं. उलट स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना आहे, त्यांनी २०२० मध्ये लिहिलं की आया लेकराला जवळ घेऊन झोपतातच, तर त्यांना नाही म्हणून सोडून देण्यापेक्षा कसं झोपायचं ते सांगा. मला दुसरं पटलं, खोटं कशाला बोलू. रात्री दोन-तीनदा उठून पाजायचं, आणि बसून पाजता पाजता खुर्चीत नाहीतर सोफ्यावर डोळा लागला तर ते अंथरुणात झोपण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं, हे तर पहिल्यावालेही म्हणतात. पण काही ठिकाणी दुसरेही स्पष्ट नको म्हणतात. लेकरू दिवसाआधी झालेलं किंवा वजनात कमी असेल, घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल, कोणी दारू पिऊन किंवा झोपेची गोळी घेऊन झोपणार असेल, तर तिथे एका अंथरुणात नाहीच. आमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, बिडी आहे, म्हणून ते दुसऱ्या खोलीत, आणि ओढायची ती अंगणात. ह्यांचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, चालू आहे, त्यात धूर नाही एवढंच, त्यावर वेगळं भांडण होईल.

तर पलंग. आधी सगळे म्हणाले काठाला उशा लाव, लोड लाव. पण लोळणाऱ्या लेकराला उशी म्हणजे भिंत नाहीच, एकतर तिच्यात तोंड खुपसून पडेल, आणि जरा मोठं झालं की तिच्यावरच चढून पलीकडे जाईल. मग म्हणाले भिंतीला लाव. लावला, अन् हात घालून पाहिला तर गादी आणि भिंतीच्या मध्ये माझी मूठ आरामात जाते. तिथे लेकरू सरकलं आणि अडकलं तर रडायलाही श्वास पुरणार नाही, पडल्यावर निदान रडते तरी. त्या फटीत चादर कोंबून काही होत नाही, चादर सैल होते.

मग मी गादी खाली टाकली. सगळीकडे तेच सांगतात, जमिनीवर झोपा म्हणजे पडायचा प्रश्नच नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातूनच, "काहून वं, लेकराले भुईवर निजवतं? पावसायाचे दिवस, इच्चू-काट्याचं भेव नाही का तुले?" आणि त्यांचं खरंच आहे न. मण्यार रात्रीच निघते, भुईवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दात लागलेला कितीकदा कळतही नाही. ज्यांनी मोबाइलवर ते लिहिलं त्यांच्या घरी मातीची भिंत नसेल, मागे तुराट्यांची गंजी नसेल.

मामाजी म्हणाले, पाय काप. मला वाटलं चिडून बोलले, पण ते खरंच सुतळी घेऊन बसले मोजायला. सागवानी पलंग, गुडघ्याएवढा उंच, गावातल्या सुताराला बोलावून चारही पाय करवतीने कापले, आता जेमतेम वीतभर राहिला. आत्याबाई दिवसभर पुटपुटत होत्या की सागवानाचं वाटोळं केलं, संध्याकाळी स्वतःच त्यावर बसून मटार सोलायला, नाही मटार कुठला आता, शेंगा फोडायला बसल्या. पलंग खोलीच्या मधोमध आणला, भिंत कुठूनच जवळ नाही. गादी पूर्ण चौकटीएवढी, बाजूला पट्टी उघडी नाही. गादीही मुद्दाम जुनीच, कापसाची, बसून बसून कडक झालेली. नवीन पिंजून आणलेली फुगीर असते, त्यात बाळाचं तोंड रुतते. राईची उशी काढून टाकली. बाजेवर तर तिला निजवतच नाही, सुंभ मधे झोल खाते आणि ती घरंगळून सरळ माझ्या अंगाखाली येते.

मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचते, आत शिरायच्या आधी बॅटरी मारून चादर झटकते. हे मण्यारीसाठी, आणि डासांसाठी आहेच. पण मच्छरदाणीला कुंपण समजायचं नाही, लेकरू जोरात लोळलं तर ती सुटते, किंवा जाळी आणि गादीच्या मधल्या झोळात ते जाऊन पडते. म्हणून खोचताना ताणून खोचायची. लहानी माझ्या एका बाजूला, मधे नाही. मोठा कधी हट्ट करून आला तर तो माझ्या पाठीशी, तिच्याजवळ नाही, पोट्टं झोपेत लाथा मारते. गळ्यातला काळा दोरा काढून कंबरेला करदोडा ठेवला, यावर आत्याबाईंनी फार ताणलं नाही. तिला बांधून निजवणं तर ती कुशीला वळायला लागली तेव्हाच बंद केलं, पालथं पडून हातच सुटले नाही तर काय करेल ती. ठेवताना उताणीच ठेवते, मग स्वतःहून पालथी झाली तर उलटवत नाही, दोन्हीकडून वळता येते तिला आता.

रात्रीचं एवढं जमलं. दिवसाचं अजून अवघड, कारण रात्री मी जवळ असते. निंदणाच्या दिवसात बाया म्हणतात झोपली आहे न, दार ओढ आणि चल. पलंगावर तिला एकटी सोडत नाही, बुटका असला तरी. आत्याबाईंच्या नजरेसमोर ओसरीत सतरंजी, तीही आधी झटकून. वावरातली झाडाची झोळीही बंद, ती आता काठ धरून उठू पाहते.

आशाताई सहाव्या महिन्याच्या भेटीला आल्या तेव्हा डोक्याला मार लागला तर काय पाहायचं ते विचारून घेतलं. पडल्यावर वारंवार उलटी, सुस्ती, उठवून न उठणं, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं एक जरी दिसलं तर हळद लावत बसायचं नाही, १०८ ला फोन.

एक काम मात्र राहूनच गेलं. कूलर. उन्हाळ्यापासून खिडकीत तसाच आहे, पत्र्याचा, आणि पलंग मधोमध आणल्यापासून त्याची वायर लहानीच्या बाजूने जाते. पाणी आणि पत्रा आणि करंट, आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणाच्या न कोणाच्या घरी याचीच बातमी असते. ह्यांना सकाळी आल्याबरोबर आधी तो उचलून कोठीत ठेवायला लावते, चहा नंतर.